घरातील नाताळ : आजीआजोबा, नातवंडे आणि मातृभाषा
मनोरी गावाच्या उदाहरणावरून, इयत्ता ३ री व ४ थीच्या शिक्षकांसाठी

परिसर-अभ्यासात सणांचा पाठ दरवर्षी येतो. नाताळचा पाठ आला म्हणजे बर्फ, सूचिपर्णी वृक्ष आणि पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा एवढेच चित्र बहुधा मुलांपुढे ठेवले जाते. त्यामुळे हा सण दूरदेशीचा आहे, अशी त्यांची समजूत होते. वास्तविक कोकणपट्टीतील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतून तो शतकानुशतके साजरा होत आला आहे, आणि तेथे त्यास बर्फाची नव्हे, तर नारळाची, तांदळाची व भाताच्या पेंढ्याची संगत आहे. या घरांतील मुले मुंबई, ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील अनेक शाळांत बसतात. त्यांच्या घरचा नाताळ वर्गात कसा आणावा व तो का आणावा, याचा विचार येथे केला आहे.

१. गाव व लोक

मनोरी हे गाव मालाडजवळील मार्वे बंदरासमोर, खाडीपलीकडे आहे. मार्व्याहून तरीने थोड्या वेळात तेथे पोहोचता येते; खुष्कीने जावयाचे तर भाईंदर व उत्तन या मार्गाने मोठा वळसा पडतो. गाव बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असले तरी मासेमारी व भातशेती यांच्याशी त्याचे नाते जुने आहे.

१५३४ साली वसई व तिच्या आसपासचा मुलूख गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या अमदानीत या भागातील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीजांची सत्ता गेली; परंतु ही कुटुंबे आपल्या गावी, आपल्या शेतावर व आपल्या मराठी बोलीसह राहिली. पुढे १८८७ साली या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नाव इंग्रजी असले तरी या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची घरची भाषा मराठीच आहे, ही गोष्ट शिक्षकांनी प्रथम ध्यानात घ्यावी.

२. घरातील तयारी

काही घरची मुले नोकरीनिमित्त शहरात राहणाऱ्या आईबापांबरोबर सुटीत गावी येतात. काही घरी वसईकडील किंवा उत्तनकडील आजीआजोबाच पाहुणे म्हणून येतात. कसेही असले तरी डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आजी, आजोबा व नातवंडे एका घरात जमतात, आणि लहान मुलांचे शिक्षण तेथे आपोआप सुरू होते.

स्वयंपाकघरात कुलकुलांचे पीठ भिजते. मैदा, तूप, साखर व नारळाचे दूध यांचा गोळा तिंबून झाला की आजी प्रत्येक मुलापुढे सुपारीएवढ्या गोळ्या ठेवते. मुलाने गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ नव्या फणीच्या दात्यांवर दाबावयाची व अलगद गुंडाळावयाची. म्हणजे तिला शिंपल्यासारखा आकार व रेघा येतात. पहिल्या चार-पाच गोळ्या बिघडतात. आजी त्या मोडून पुन्हा हाती देते. चार वर्षांच्या मुलासही या कामात वाटा मिळतो. तळण्याचे काम मात्र मोठ्यांचे. करंजीसारख्या नेवऱ्या, पेरूची वडी, आणि ताडीने किंवा खमिराने आंबवलेल्या पिठाचे तळून काढलेले फुगे हे पदार्थही या दिवसांत होतात. सामिष पदार्थांसाठी उन्हाळ्यात कुटून रंगीत काचेच्या बाटल्यांत दाबून भरलेला मसाला बाहेर निघतो. त्यास ‘बाटलीचा मसाला’ असेच नाव आहे.

ओटीवर आजोबा गोठा मांडतात. इटलीतील ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली जिवंत बैल व गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. तेव्हापासून ही चाल विशेष रूढ झाली. येथील मुले त्यासाठी पेंढा, माती, वाळू व गवत गोळा करून आणतात. मरिया, योसेफ, मेंढपाळ व जनावरे आपापल्या जागी बसतात. बाळाची गव्हाण मात्र २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची रीत आहे. ती रिकामी का, असे मूल विचारते, आणि आजोबांस गोष्ट सांगण्यास वाव मिळतो.

दुसरे दिवशी सकाळी फराळाची ताटे शेजारी पाठविली जातात, आणि ती पोहोचविण्याचे काम मुलांकडे येते. ज्या घरून दिवाळीत करंज्या आल्या, त्या घरी आता कुलकुल जातात. कोणाकडे आधी जावे, दारात काय बोलावे, रिकामे ताट परत देऊ नये, हे सारे मूल एका सकाळी शिकते.

३. शिक्षकांनी लक्ष का घालावे

पीठ तिंबणे, वळणे, तळणे, पेंढा, गव्हाण, ओटी, ताट, शेजार हे शब्द मूल पुस्तकातून शिकत नाही. ते हाताबरोबर शिकते. आजीच्या बोलीत त्याखेरीज असे कितीतरी शब्द आहेत, जे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नाहीत. आज पुष्कळ ईस्ट इंडियन घरांतील मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, व घरातही आईबाप त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात. आजी बोलीत विचारते आणि नातवंड इंग्रजीत उत्तर देते, असे झाले की गोष्ट अर्ध्यावरच थांबते. दोघे एका खोलीत असूनही त्यांच्यात भाषेची खाडी पडते, व तिला तर नसते.

ही खाडी रुंदावण्यास मराठी शाळाही नकळत हातभार लावू शकते. मुलाने घरचा शब्द उच्चारला व वर्ग हसला, तर ते मूल तो शब्द पुन्हा बोलत नाही. काही दिवसांनी ते घरीही बोलत नाही. म्हणून घरची बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे, हे शिक्षकांनी आपल्या वागण्यातून दाखवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा वा घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. मराठीशी ख्रिस्ती समाजाचे नाते किती जुने आहे हेही सांगावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

४. पाठाची रूपरेषा

पूर्वतयारी : नाताळच्या सुटीपूर्वी प्रत्येक मुलास, मग ते कोणत्याही धर्माचे असो, एक काम द्यावे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस सणाच्या एका पदार्थाची कृती विचारून ती त्यांच्याच शब्दांत लक्षात ठेवावी.

शब्दसंग्रह : फळ्यावर तीन रकाने आखावेत : घरचा शब्द, पुस्तकातील शब्द, शेजाऱ्याच्या घरचा शब्द. कोणत्याही रकान्यास ‘चूक’ म्हणू नये.

शब्दांचा प्रवास : नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, घमेले हेही त्याच वाटेने आले. हे शब्द प्रत्येकाच्या घरी आहेत, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे.

हस्तव्यवसाय : मातीच्या गोळ्या फणीवर वळून कुलकुलांचे आकार करावेत. एका गोळ्यातून किती झाले, पाच मुलांत सारखे वाटल्यास प्रत्येकास किती येतील, असे गणित त्यावरून घ्यावे.

पाहुण्यांचा तास : शक्य असल्यास एखाद्या आजीस किंवा आजोबांस अर्ध्या तासासाठी वर्गात बोलवावे. त्यांनी आपल्या बोलीतच बोलावे. शिक्षकांनी मध्ये शुद्धलेखन करू नये.

५. घ्यावयाची काळजी

शासनाच्या निधीतून पूर्णतः चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये सांगितले आहे. सणाची ओळख करून देणे निराळे व उपासना करविणे निराळे. ही मर्यादा पाळावी.

कोणी नवे कपडे घेतले, कोणाच्या घरी किती पदार्थ झाले, असे प्रश्न विचारू नयेत. गरीब मुलाची मान त्याने खाली जाते. ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे सण साधेपणाने होतो; अशा मुलास बोलण्याचा आग्रह करू नये. ज्यास आजीआजोबा नाहीत, त्याने शेजारच्या वृद्धांस विचारावे.

पाठ संपल्यावर जमलेले शब्द एका वहीत उतरवून, ते सांगणाऱ्या मुलाचे नाव पुढे लिहावे, व ती वही दरवर्षी पुढील वर्गाकडे सोपवावी. आपल्या आजीचा शब्द शाळेच्या वहीत नोंदला गेला, हे पाहिलेले मूल घरी जाऊन तिला दुसरा शब्द विचारील. तेवढे झाले तरी या पाठाचा हेतू सफल झाला, असे समजावे.