पाण्याखालचा कॅमेरा

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या कोल्हापूरला कॅमेऱ्याचा जुना वारसा आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने याच शहरात चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांसमोर आला. पण कॅमेऱ्याचा एक शत्रूही दर पावसाळ्यात आपल्या गावी मुक्कामाला येतो. तो म्हणजे ओलावा. दमट हवेत भिंगावर बुरशी चढते. जमिनीवर ही गत, मग कॅमेरा समुद्रात नेला तर?

घाट उतरून सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेलात, की मालवणचा समुद्र लागतो. तिथे पाण्याखाली रंगीत मासे आहेत आणि प्रवाळ आहेत. प्रवाळांना उर्दूत मर्जान म्हणतात. या भागाला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले आहे. प्रवाळांची चित्रे दरवर्षी काढून ठेवली, तरच त्यांच्यात काय बदल झाला ते समजते. म्हणून पाणबुडे कॅमेरा एका घट्ट पेटीत बंद करून पाण्यात नेतात.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. लुई बुतान या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ साली समुद्रात उतरून छायाचित्रे काढली. पेटी त्याच्या भावाने बनवली होती. तिला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला होता. खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने फुगा दबे आणि त्यातली हवा पेटीत शिरे. त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब सारखा राही.

आजच्या पेटीला असा फुगा नसतो. तिच्या झाकणाच्या खाचेत रबराचे एक गोल कडे असते. त्याला ओ-रिंग म्हणतात. तुमच्या घरी कुकरच्या झाकणात रबरी रिंग असते ना? ती वाफेला बाहेर जाऊ देत नाही. ही पाण्याला आत येऊ देत नाही.

पाण्यात दर १० मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम भार वाढतो. झाकण १५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असेल, तर १० मीटर खोलीवर त्याच्यावर सुमारे १५० किलोग्रॅम जादा भार पडतो. तुम्हाला वाटेल, खोल गेले की पेटी हमखास गळणार. पण हा भार झाकणाला रिंगवर आणखी घट्ट दाबतो. म्हणून पुष्कळदा पाणी शिरते ते उथळ पाण्यातच. तिथे दाब कमी असतो आणि उडी मारताना पेटीला धक्काही बसतो.

पाणी शिरायला मोठे भोक लागत नाही. रिंगवर एक केस आडवा पडला, वाळूचा एक कण बसला किंवा ओढणीचा एक धागा अडकला, तरी पाण्याला वाट मिळते. अशा लहान वस्तूचे मोल किती असते, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिले. त्या दिवशी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले. थंडीमुळे एक रबरी रिंग कडक झाली होती. तिने सांधा नीट बंद केला नाही आणि तप्त वायू बाहेर पडले. सात अंतराळवीरांचे प्राण गेले.

म्हणून पाणबुडे रिंग बोटाने अलगद काढतात. टाचणीने कधीच काढत नाहीत, कारण ओरखडा पडला की रिंग निकामी होते. खाच आणि रिंग ते धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसतात. मग पेटी बनवणाऱ्याने सांगितलेलेच वंगण रिंगला अगदी पातळ लावतात. वंगणाने रिंग नीट बसते. पाणी अडवते ती रिंगच. वंगण जास्त झाले, तर उलट त्यालाच धूळ आणि केस चिकटतात. शेवटी रिकामी पेटी टीपकागद घालून पाण्यात बुडवतात. कागद कोरडा राहिला, तरच कॅमेरा आत जातो.

इतके करूनही कधी कधी आतून काच धूसर होते. मग पेटी गळली का? घाई करू नका. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी थंड सरबताचा पेला बाहेरून ओला होतो. सरबत पेल्यातून झिरपले का? नाही. हवेतली वाफ थंड पेल्यावर थिजली. पेटीतही तेच घडते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पेटी बंद केली, तर ती हवा आतच कोंडली जाते. समुद्राच्या पाण्याने काच थंड झाली, की तिच्यावर आतून दव जमते. हे पाणी बाहेरून आलेले नसते, ते आपणच आत बंद केलेले असते! यावर उपाय म्हणजे पेटी कोरड्या खोलीत बंद करावी, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पेटी उन्हात तापू देऊ नये.

खरोखरच पाणी शिरले, तर? पाणबुड्याने घाबरून झटकन वर येऊ नये. त्याने फुप्फुसांना इजा होते. कॅमेरा दुसरा मिळेल, जीव दुसरा मिळणार नाही. वर आल्यावर पेटी बाहेरून पुसून मगच उघडावी. कॅमेरा चालू करून पाहू नये. बॅटरी काढून वेगळी ठेवावी आणि कॅमेरा लवकर जाणकार कारागिराकडे न्यावा. खारे पाणी आत सुकले, तर धातू गंजतो. पाणी शिरले नसले, तरी दर खेपेनंतर बंद पेटी गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे बटणांत मीठ साचत नाही.

मित्रांनो, ओलावा दिसला की आधी विचारा, हा आला कुठून? दव असेल आणि तुम्ही रिंग बदलत बसाल, तर काच पुन्हा धूसर होईल. गळती असेल आणि तुम्ही नुसती पुडी ठेवाल, तर कॅमेरा गमवाल. कारण सापडले, की अर्धे काम झालेच म्हणून समजा.

शब्दार्थ
पाणबुडा – पाण्यात खोल बुडी मारणारा माणूस
खाच – खोलगट रेषा
वंगण – घर्षण कमी करणारा तेलकट पदार्थ
टीपकागद – शाई, पाणी शोषणारा कागद
धूसर – अस्पष्ट

स्वाध्याय
१. पेटी उथळ पाण्यातही का गळते?
२. गळती आणि दव यांतील फरक पाठातील उदाहरण देऊन सांगा.
३. 'मुक्कामाला येणे' आणि 'निकामी होणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. करून पाहा : रबरी रिंग असलेल्या डब्यात टीपकागद आणि वजनासाठी दगड ठेवा. डबा दहा मिनिटे बादलीतल्या पाण्यात बुडवा. मग रिंगवर एक सुती दोरा आडवा ठेवून तोच प्रयोग पुन्हा करा. काय दिसले ते पाच वाक्यांत लिहा.