आजारी पडायची सोय

पुणे, ५ जून

चि. सोनूस,


कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर झालीस, छान झाले. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यामागून किती समाजांची वसतिगृहे त्या गावात उभी राहिली! परगावच्या पोरांना सांभाळण्याचे काम कोल्हापूरला नवे नाही. आता त्यातला एक कोपरा तुझ्या वाट्याला आलाय.

पावसाळ्यात फ्लूची साथ आली तर नोटीस बोर्डवर काय लावू, एवढेच तू विचारलेस. मसुदा सोबत आहे, हवा तसा बदल. पण नोटिशीने साथ थांबल्याचे कॉलेजच्या दवाखान्यातल्या माझ्या नोकरीत मी कधी पाहिले नाही. हात धुवा, खोकताना तोंड झाका, हे त्या मुलींना तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले पाठ आहे. कोरोनाच्या काळात शाळेत असलेली पिढी आहे ती. वसतिगृहात साथ फोफावते ती ताप लपवल्यामुळे, आणि तो लपवण्याची कारणे आपणच नियमांत घालून ठेवलेली असतात.

हजेरीचेच बघ. ७५ टक्क्यांची टांगती तलवार डोक्यावर असलेली मुलगी सकाळी अंगात ताप घेऊन उठते. प्रॅक्टिकल चुकले तर पुन्हा मिळेल याची खात्री नाही. मेडिकल सर्टिफिकेट आणायचे तर डॉक्टरची फी आणि रांगेत उभे राहायचे त्राण, दोन्ही हवे. मग ती पॅरासिटामॉलची गोळी घेते, तासाभरात घाम येऊन बरे वाटते, आणि प्रयोगशाळेत मैत्रिणीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते. गोळीने ताप उतरला, विषाणू आहे तिथेच आहे. फ्लूचा रोगी लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो, त्यातही पहिले तीन-चार दिवस जास्त. नेमके तेच दिवस ही वर्गात काढते, कारण न काढण्याची शिक्षा मोठी आहे.

म्हणून नोटीस लावण्याआधी प्राचार्यांकडे जा. तापाच्या दिवसांत रेक्टरच्या वहीतली नोंद रजेसाठी पुरेशी मानावी, सर्टिफिकेट मागू नये, चुकलेले प्रॅक्टिकल पुन्हा घ्यावे, एवढे लेखी मिळव. 'मुली गैरफायदा घेतील' असे ते म्हणतील. दोन-चार जणी घेतीलही. त्या दोघी-चौघींना पकडण्यासाठी सगळ्या मजल्याला ताप वाटत बसायचा का, हे तू त्यांना नम्रपणे विचार. नम्रपणे म्हणजे माझ्यासारखे नव्हे, तुझ्या आईसारखे.

लपवालपवीचा हा धडा आपल्या पुण्याने फार महाग शिकलाय. १८९७च्या प्लेगात रँडसाहेबाच्या कमिटीने गोरे सोल्जर घरोघरी घुसवले. रोगी उचलून नेणे, सामान जाळणे, देवघरापर्यंत बूट. रोगी वेगळा ठेवायचा हा विचार चुकीचा नव्हता, पण तो अशा रीतीने राबवला की लोक रोग्याला सोल्जरांपासून लपवू लागले. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यातून परतताना रँडवर गोळी झाडली गेली, ते तू शाळेत शिकलीसच. तो बंगला म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. रोग्यापर्यंत पोहोचण्याच्या दोन तऱ्हा एकाच गावाने एकाच वर्षात पाहिल्या. तुझ्या हातात सोल्जर नाहीत हे बरे आहे. पण दंडाची पावती आणि पालकांना फोन करण्याची धमकी ही त्यांचीच धाकटी भावंडे.

आता खोलीचे. आजारी मुलींसाठी वेगळी खोली ठेवायची म्हटली की बहुतेक ठिकाणी जिन्याखालची, मोडक्या खाटांची खोली साफ करून देतात. तिथे कोण आपण होऊन जाईल? तळमजल्यावरची, समोरासमोर खिडक्या असलेली, स्वतंत्र संडास-बाथरूमची चांगली खोली दे. चार्जिंगचा पॉइंट आणि वायफाय चालू आहे ना ते स्वतः बघ. हसू नकोस, घरच्यांशी बोलता येत नाही म्हणून मुली पळून येतात. जेवण दारात पोहोचले पाहिजे, आणि ते मेसची तिखट आमटी नव्हे, मऊ भात नाहीतर खिचडी. मैत्रिणींनी खिडकीबाहेरून गप्पा मारायला हरकत नाही. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, खोकलाही उतरतीला लागला, की परत आपल्या खोलीत. त्यानंतरही चार-पाच दिवस चारचौघींत मास्क असू दे. तिच्या खोलीतल्या बाकीच्यांना लगेच वेगळे काढू नकोस, पण चार दिवस लक्ष ठेव, कारण फ्लूची लागण दिसायला एक ते चार दिवस लागतात. खाटा जवळजवळ असतील तर एकीची उशी भिंतीकडे, शेजारणीची दाराकडे अशी व्यवस्था कर. डोक्याशी डोके आले नाही तर श्वासातले अंतर आपोआप वाढते, आणि याला पैसा लागत नाही.

तुझी खरी अडचण कोल्हापूरचा पाऊस असणार. जुलैत खिडक्या बंद, आत दोरीवर ओले कपडे, वर पंखा गरगरतोय. पंखा आतलीच हवा घुसळतो, बाहेरची आणत नाही. अभ्यासिकेतला एसीसुद्धा बहुतेक वेळा तेच करतो. २०२०च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका रेस्टॉरंटमध्ये शेजारच्या टेबलांवरच्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोरोना झाला, त्यात एसीच्या झोताचा हात असल्याचे संशोधकांनी दाखवले. तेव्हा पाऊस आत येणार नाही अशा बाजूची एक खिडकी आणि वरचे झरोके कायम उघडे हवेत, बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन चालते हवेत. पावसाच्या बाजूला पत्र्याचा छोटा छज्जा काढून घे, खिडकी उघडी राहील. कपडे वाळवायला जिन्यावर शेड मागून घे, त्यासाठी भांडावे लागले तर भांड. सॅनिटायझरच्या बाटल्यांवर जातो तो पैसा इथे घाल. साबण-पाणी चालते, फक्त बेसिनवर साबण असायला हवा, आणि तो दर तिसऱ्या दिवशी गायब होतो हे गृहीत धर.

पावसाळ्यातच युवा महोत्सवाच्या आणि एकांकिकांच्या तालमी रंगतात. बंद हॉल, मोठ्याने संवाद, कोरस. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाची २०२०च्या मार्चमधली तालीम गाजली: ६१ जण आले, त्यांतल्या ५२ जणांना एका आजाऱ्याकडून कोरोना झाला असावा असे निघाले. तालीम बंद कर असे मी म्हणणार नाही, मुली तुला माफ करणार नाहीत. व्हरांड्यात घ्यायला सांग, आणि घसा बसलेली असेल तिला त्या दिवशी प्रॉम्प्टिंगला बसव, तेही थोडे लांब.

ताप आला की मुलीला एसटीत बसवून घरी पाठवायची फार जुनी खोड आहे. तसे करू नकोस. काचा बंद केलेल्या गाडीत चार-पाच तास ती खोकत जाणार आणि उतरणार मधुमेह असलेल्या आजीच्या शेजारी. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा-कॉलेजे बंद झाली, आणि नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा मला अजून आठवतात. बाजारात मास्क मिळेनात, तर लोक रुमालात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या बांधून हिंडत होते. होस्टेलची पोरे बॅगा भरून गावी निघाली. गर्दी एकीकडची कमी झाली, दुसरीकडची वाढली. घरचे स्वतःच्या गाडीने न्यायला आले तर गोष्ट वेगळी.

धोक्याच्या खुणा मात्र तुला झोपेतही आठवल्या पाहिजेत: धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी, पाणीसुद्धा पोटात न ठरणे, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा उसळणे. ऑक्सिमीटरवर आकडा ९४च्या खाली दिसला तर सकाळची वाट बघायची नाही, थेट सीपीआर रुग्णालय गाठायचे. दमा, मधुमेह असलेल्या किंवा गरोदर असलेल्या कुणालाही ताप आला की खुणांची वाट न बघता डॉक्टरकडे ने. फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगले लागू पडते. अँटिबायोटिकच्या पट्ट्या मुली एकमेकींना देतात, त्या काढून घे. विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही. वाफेने नाक मोकळे होते, यापलीकडे काही होत नाही, आणि खाटेवर किटली घेऊन वाफारा घेताना मांड्या भाजून घेतलेल्या मुली मी पाहिल्यात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेला खोकला मात्र फ्लूचा समजू नकोस. थुंकी तपासून घे, सरकारी केंद्रात फुकट होते. क्षय निघाला तरी उपचारांनी बरा होतो. नाव मात्र तुझ्या वहीबाहेर जाता कामा नये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. एकीचे नाव फुटले की पुढच्या दहा जणी खोकला गिळतील.

राहिल्या मेसच्या बायका. साथीचा विचार करताना त्यांची आठवण कुणाला होत नाही आणि पोळ्या मात्र त्यांच्या हातच्या सगळे खातात. त्यांचा खाडा झाला की रोज बुडतो, म्हणून त्या तापातही कणीक मळायला उभ्या राहतात. आजारपणाचा रोज कापू नये असे कलम मेसच्या कंत्राटात घालता येते का, ते उद्याच अकाउंटंटला विचार. नाही म्हणाला तर वसतिगृहाच्या किरकोळ खर्चातून भागते का ते बघ. दम्याच्या मुलींना फ्लूची लस टोचून घ्यायला सांगशील तेव्हा याही बायकांची नावे त्या यादीत घाल. लस लागू पडायला दोन आठवडे लागतात, तेव्हा या आठवड्यातच हलायला हवे. कंत्राटदार कुरकुर करेल. त्याचे काय म्हणणे पडते ते मला फोनवर सांग, दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही.

तुझी,
मावशी