न संपणाऱ्या उत्प्रेरकाची पोती

स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक लेख हवा होता आणि तो इतिहासाच्या शिक्षकाने लिहावयास घेतला, याचे आमच्या माजी विद्यार्थ्यांस नवल वाटेल. परंतु हे एक जुने देणे आहे. काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राचे शिक्षक रजेवर असताना त्यांचा तास आमच्याकडे आला होता. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवितो, पण स्वतः खर्च होत नाही, अशी व्याख्या आम्ही फळ्यावर लिहिली. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. “सर, माझे वडील तेलाच्या कारखान्यात कंत्राटावर आहेत. ते उत्प्रेरकाची पोती उतरवतात. खर्चच होत नाही, तर पोती सारखी कशाला येतात?” आम्ही म्हणालो, “अगं, ते दुसरे काहीतरी असेल.” ती निमूटपणे खाली बसली. पुढे वाचन केले तेव्हा कळून आले, की तिच्या वडिलांचे बरोबर होते आणि चूक आमची होती.

खनिज तेल हे लहानमोठ्या असंख्य हायड्रोकार्बनांचे मिश्रण होय. ऊर्ध्वपातनाने त्यातील हलके व जड भाग केवळ वेगळे होतात. जड भागाचे पेट्रोल करावयाचे, तर रेणूच मोडावा लागतो. यास भंजन म्हणतात. कार्बनचे १६ व हायड्रोजनचे ३४ अणू असलेला एक रेणू घ्या. तो मधोमध मोडला, तर एका तुकड्यास ८ कार्बन व १८ हायड्रोजन मिळतात. उरलेल्या ८ कार्बनच्या वाट्यास १६ हायड्रोजनच येतात. दोन हायड्रोजन कमी पडतात, म्हणून तेथे दोन कार्बन एकमेकांस दुहेरी बंधाने धरतात. हा हिशेब एकदा समजला, की समीकरण पाठ करावे लागत नाही.

मोडण्याचा पहिला मार्ग म्हणजे निव्वळ उष्णता. अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि पेट्रोल अपुरे पडू लागले, तेव्हा १९१३ साली इंडियाना राज्यातील व्हायटिंग येथे विल्यम बर्टन यांच्या पद्धतीने जड तेल बंद भट्टीत, दाबाखाली, सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाऊ लागले. एवढ्या उष्णतेने कार्बन-कार्बन बंध तुटतो आणि दोन्ही तुकड्यांकडे एकेक सुटा इलेक्ट्रॉन राहतो. असे तुकडे फार उतावीळ असतात. ते पुन्हा पुन्हा मोडतात आणि त्यातून हलके वायू बरेच निघतात. प्लास्टिकसाठी इथिलीन हवे असते, तेथे आजही वाफेच्या सोबतीने, ८०० अंशांच्या आसपास, हाच मार्ग वापरतात. बर्टन यांच्या भट्टीची खरी अडचण वेगळीच होती. तळाशी कोक, म्हणजे कठीण कोळसा साचे. मग भट्टी थंड करून माणसे आत उतरवायची आणि तो खरवडून काढावयाचा. पेट्रोलच्या इतिहासात बर्टन यांचे नाव आहे. आत उतरणाऱ्यांची नावे आम्हांस कोठे आढळली नाहीत.

दुसरा मार्ग युजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने दाखविला. आम्लाची प्रक्रिया केलेली विशिष्ट माती त्यांनी उत्प्रेरक म्हणून वापरली. अशा मातीच्या पृष्ठभागावर रेणू धनभारित होतो, त्याची साखळी आतल्या आत बदलते, तिला फांद्या फुटतात आणि मगच ती तुटते. फांद्यांच्या रेणूंचे पेट्रोल इंजिनात ठोके न देता जळते. १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे हूद्रींचा मोठा कारखाना सुरू झाला. पण कोकने येथेही पाठ सोडली नाही. तो आता मातीवर बसे आणि काही मिनिटांतच ती निकामी होई. म्हणून अनेक पात्रे ठेवावी लागत. एकात भंजन चाले, तेव्हा दुसऱ्यात हवा सोडून कोक जाळला जाई, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल होई.

हे देखील कटकटीचेच. त्यावरील तोड २५ मे १९४२ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत, लुइझियानातील बॅटन रूज येथे प्रत्यक्षात आली. उत्प्रेरकाची मैद्यासारखी बारीक भुकटी केली, की वायूच्या प्रवाहात ती पाण्यासारखी वाहते. आजच्या कारखान्यांत ही तप्त भुकटी व तेल एका उभ्या नळातून दोन-चार सेकंदांत वर जातात आणि तेवढ्यात भंजन होऊन जाते. कोकने काळी पडलेली भुकटी शेजारच्या पात्रात उतरते. तेथे सुमारे ७०० अंशांवर कोक जळतो व भुकटी पुन्हा नळाच्या तळाशी येते. भंजनास उष्णता लागते, आणि ती या कोकच्याच ज्वलनातून मिळते. ज्याने बर्टन यांची भट्टी बंद पाडली, तेच येथे सरपण झाले. या विषयात आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. मुंबईत ट्रॉम्बे-माहुल भागात १९५४-५५ साली सुरू झालेल्या दोन्ही तेलशुद्धीकरण कारखान्यांत आज अशी संयंत्रे आहेत. आपल्या घरच्या सिलिंडरमधील गॅसही काही अंशी अशाच भंजनातून येतो.

आता त्या पोत्यांविषयी. कोक जाळून भुकटी शुद्ध होते, पण पूर्ववत होत नाही. १९६० च्या दशकापासून मातीची जागा झिओलाइट या अतिसूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकांनी घेतली. ७०० अंशांवरील वाफेत हे स्फटिक हळूहळू ढासळतात. तेलातील निकेल व व्हॅनेडियम हे धातू भुकटीवर बसतात आणि ते काही जळून जात नाहीत. शिवाय सतत फिरताना कण एकमेकांवर घासून झिजतात व थोडी धूळ वायूंबरोबर निघून जाते. रासायनिक समीकरणात उत्प्रेरक खर्च होत नाही हे खरेच. कारखान्यात मात्र तो म्हातारा होतो. म्हणून संयंत्र न थांबविता दररोज थोडी जुनी भुकटी काढून घेतात आणि तेवढीच नवी घालतात. तिचे वडील उतरवीत होते, ती हीच नवी भुकटी.