आधी डायोड लाव

सातारा

चि. बाळ यास,


काल तुझ्या आईचा फोन आला. भिलवडीला मित्राच्या पंपावर तू स्वतः केलेला ऑटो स्विच बसवलास. परवा रात्री तो बंद ठेवलेला असताना लाइट आली आणि मोटार आपोआप सुरू झाली म्हणे. ती कौतुकानं सांगत होती, पण मला रात्रभर झोप लागली नाही. त्या वेळी कपलिंगवर कुणाचा हात असता तर?

तू पाठवलेला फोटो पुन्हा नीट पाहिला. कंट्रोलरच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून 1 किलोओहमचा रेझिस्टर, पुढे बीसी 547, त्यावर 12 व्होल्टचा रिले. हिशेब बरोबर आहे. 400 ओहमच्या कॉइलला 30 मिलिअँपिअर लागतात आणि ट्रान्झिस्टरला 100 पर्यंत झेपतात. पण कॉइलवरचा उलटा डायोड कुठे आहे? रिले सुटताना कॉइल जो दणका देते, तो 547 च्या 45 व्होल्टांच्या मर्यादेपलीकडे सहज जातो. काही दिवस चालतं, मग ट्रान्झिस्टर जातो. आणि जाताना तो बरेचदा शॉर्ट होऊनच जातो. मग तुझा कंट्रोलर ‘बंद’ म्हणत राहिला तरी रिले ओढलेलाच राहतो, कॉन्टॅक्टर बसतो, मोटार फिरते. परवा असंच झालं असणार.

आजोबांची दोन बोटं कशी गेली ते तुला ठाऊक आहे. पट्ट्यात हात असताना लाइट आली. त्या वर्षी मला वालचंद कॉलेजला जायचं होतं, मार्कही होते. पण पंप आणि ऊस माझ्याकडे आला नि कॉलेज राहिलं ते राहिलंच. अजूनही विश्रामबागवरून एसटी जाताना मी त्या कॉलेजच्या फाटकाकडे बघतो. आता तिथं तू शिकतोस, म्हणून तर जीव वरखाली होतो.

किर्लोस्करवाडी 1910 पासून शेजारी असल्यानं आपल्या भागाला यंत्राचं भय नाही. पण यंत्र बेसावध हात ओळखत नाही. म्हणून ऐक. 1एन4007 डायोड रिलेच्या कॉइलला समांतर लाव, पट्टी प्लसकडे. ओव्हरलोड रिलेचा संपर्क आणि दाबल्यावर अडकून राहणारं स्टॉप बटण कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेतच घाल, म्हणजे तुझी सर्किटची पाटी बिघडली तरी मोटार थांबेल. लाइट आल्यावर सगळ्या मोटारी एकदम उठल्या की ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, म्हणून सुरू व्हायला थोडा उशीर ठेव. आणि पंपाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाड, फ्यूज काढून खिशात ठेव. ट्रान्झिस्टरच्या भरवशावर माणसाचा हात ठेवायचा नसतो.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. तुझं सोल्डरिंग सुबक आहे, वायरींना खुणाही घातल्यास. एवढी निगा मला तुझ्या वयात जमली नव्हती. आजोबा असते तर गावभर दाखवत फिरले असते.

पैसे लागले तर माग, लाजू नकोस. पण आधी त्या मित्राला फोन करून पंपाचा मेन स्विच पाडायला सांग, आणि दुरुस्ती झाली की मला कळव. मी जागाच असेन.

तुझा,
मामा