दृश्य कोणाच्या मालकीचे?

एखादी देखणी वास्तू दिसली की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. तेवढ्यात पहारेकरी पुढे येतो आणि म्हणतो, "इथं फोटो काढायला मनाई आहे." आपण मुकाट्याने कॅमेरा खाली घेतो. ही मनाई कोणत्या हक्काने केली, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. भिंती मालकाच्या, हे उघडच आहे. पण त्या भिंतींचे रस्त्यावरून दिसणारे रूपही त्याच्याच मालकीचे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठी जर्मनीतील काही निवाडे फार उपयोगी पडतात. कारण तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आणि प्रत्येक वेळी त्याची एकेक बाजू उजेडात आली.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. प्रत्येक वास्तूशी दोन निरनिराळे हक्क निगडित असतात. पहिला, तिची रचना कल्पिणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाचा. हा कॉपीराइट होय. दुसरा, जमीन व इमारत ज्याच्या ताब्यात आहे त्या मालकाचा. पहिला हक्क कालांतराने संपतो. जर्मनीत तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षांनी संपतो, आपल्याकडे 60 वर्षांनी. दुसरा हक्क पिढ्यानपिढ्या चालत राहतो. या दोहोंची गल्लत झाली की वाद माजतो.

बर्लिनमधील टेगेल प्रासाद हे हुम्बोल्ट घराण्याचे निवासस्थान. या वास्तूला तिचे आजचे रूप देणारा कार्ल फ्रीडरिश शिंकेल 1841 साली वारला. म्हणजे कॉपीराइटचा प्रश्नच उरला नव्हता. तरीही 1974 साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, खाजगी आवारात जाऊन काढलेल्या छायाचित्रांचा व्यापारी उपयोग मालकाच्या संमतीवाचून करता येणार नाही. पुढे 1989 साली याची दुसरी बाजू समोर आली. एका घराचे छायाचित्र सार्वजनिक जागेवरून काढले होते. न्यायालय म्हणाले, येथे मालकाच्या हक्काला बाधा येत नाही. छायाचित्राचा उपयोग व्यापारी असला तरीही नाही. तात्पर्य, घर तेच असले तरी छायाचित्रकाराचे पाय कोठे टेकले आहेत यावर न्याय फिरतो.

तिसरा खटला सर्वांत उद्बोधक आहे. व्हिएन्ना शहरात चित्रकार हुंडर्टवासर यांच्या कल्पनेतून 1983 ते 1985 या काळात एक रंगीबेरंगी, वेड्यावाकड्या रेषांची इमारत उभी राहिली. समोरच्या इमारतीतील वरच्या मजल्यावरच्या खोलीतून कोणी तिचे छायाचित्र घेतले व त्याची भित्तिपत्रके जर्मनीत विक्रीला आली. जर्मन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यांवर व चौकांत कायम असलेल्या कलाकृतींची चित्रे काढण्यास व विकण्यास मुभा आहे. इमारतींच्या बाबतीत ती बाह्य दर्शनापुरती आहे. परंतु 2003 साली न्यायालयाने निर्णय दिला की, ही मुभा रस्त्यावरून चालणाऱ्याला जे दिसते तेवढ्यापुरतीच आहे. समोरच्या खाजगी खोलीतून दिसणारे दृश्य हे रस्त्याचे दृश्य नव्हे. पुढे 2024 साली ड्रोनने आकाशातून काढलेल्या छायाचित्रांनाही न्यायालयाने ही मुभा नाकारली.

चौथा खटला पॉट्सडॅम येथील सांसुसी राजवाड्याचा. दुसऱ्या फ्रेडरिकने 1745 ते 1747 या काळात बांधलेला हा राजवाडा व त्याची बाग आज एका सार्वजनिक प्रतिष्ठानाकडे आहे. बागेत लोक मोकळेपणाने फिरतात. तरीही 2010 साली ठरले की, आवारात काढलेल्या छायाचित्रांच्या व्यापारी उपयोगावर प्रतिष्ठान अटी घालू शकते. हा निर्णय मला पुरता पटत नाही. जो वारसा लोकांच्या वतीने जपावयाचा, त्याच्या दर्शनावर खाजगी मालकासारखा हक्क सांगणे कितपत उचित? उलट, जतनाचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रतिष्ठानाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आता आपल्याकडे वळू. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा या बाबतीत अधिक उदार आहे. त्याच्या कलम 52 प्रमाणे वास्तुशिल्पाचे छायाचित्र काढणे वा प्रसिद्ध करणे हा कॉपीराइटचा भंग नव्हे; आणि येथे रस्त्याची अट घातलेली नाही. शिल्पाकृतीला मात्र ती सार्वजनिक जागी, किंवा लोकांना प्रवेश असलेल्या आवारात, कायमची असावी अशी अट आहे. म्हणजे व्हिएन्नाच्या इमारतीसारखा कॉपीराइटचा वाद आपल्याकडे बहुधा उभाच राहिला नसता.

परंतु याचा अर्थ सर्वत्र मोकळे रान असा नव्हे. खाजगी आवारात मालकाची अट पाळावीच लागते. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याखाली येणाऱ्या प्रतिबंधित स्थळी कॅमेरा काढणे धोक्याचे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे ती कोणाच्या मालकीसाठी नव्हे, तर त्या भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या वास्तुरूपाची 2017 साली व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली, तेव्हा अनेकांना वाटले की आता गेटवेपाशी उभे राहून फोटोही काढता येणार नाही. तसे नाही. व्यापारचिन्हाचा हक्क हा आपल्या मालावर वा व्यवसायावर ते रूप खूण म्हणून वापरणाऱ्याविरुद्ध असतो. आठवण टिपणाऱ्या प्रवाशाविरुद्ध नव्हे.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी कोठे उभा आहे? काय टिपतो आहे. वास्तू, की तिच्या खिडकीआडचे कोणाचे खाजगी आयुष्य? आणि हे चित्र कशासाठी वापरणार आहे? आवारात असाल आणि पहारेकरी नको म्हणाला, तर निमूटपणे बाहेर या. तो तुम्हांला जावयास सांगू शकतो, कॅमेरा हिसकावून घेऊ शकत नाही. सार्वजनिक रस्त्यावर उभे असाल आणि स्थळ प्रतिबंधित नसेल, तर त्याला नम्रपणे सांगा की भिंत तुमच्या मालकांची आहे, हे कबूल. पण रस्ता सर्वांचा आहे, आणि रस्त्यावरून जे दिसते तेही सर्वांचेच आहे.