जंतू आतड्याला चिकटतात कसे?

प्रश्न : जुलाबात एवढं पाणी वाहून जातं, मग जंतूही धुऊन का निघत नाहीत?

उत्तर : कारण ते आतड्याच्या अस्तराला घट्ट धरून बसतात. ई. कोलाय या जिवाणूच्या काही प्रकारांच्या अंगावर प्रथिनांचे केसासारखे तंतू असतात. ते पेशींवरच्या ठरावीक रेणूंनाच चिकटतात. तान्ह्या मुलांना छळणारा एक प्रकार तर थक्क करतो. तो सुईसारख्या नळीतून ‘टिर’ हे स्वतःचं प्रथिन आतड्याच्या पेशीत घुसवतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर आलेल्या त्याच प्रथिनाला पकडतो. व्हँकुव्हरमधल्या ब्रेट फिनले यांच्या गटाने १९९७ मध्ये हे दाखवलं. जंतू असा चिकटला की पेशीवरचे शोषण करणारे सूक्ष्मांकुर झडतात, शोषण बिघडतं आणि पाणी वाहून जातं. म्हणून जुलाब लागताच ओआरएस द्या, बाळाचं अंगावरचं दूध थांबवू नका. शौचातून रक्त पडलं किंवा मूल मलूल झालं, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.