पिकअपचे मागचे पाटे : निर्णय गटाचा, तर माहितीही गटाला हवी



आपल्या काही गटांनी माल वाहायला पिकअप घेतली आहे, काही घेण्याच्या विचारात आहेत. टोमॅटो, दूध, पशुखाद्य, शेणखत. माल कोणताही असो, शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कच्चीच असते. मग सहा-आठ महिन्यांत ड्रायव्हर सांगतो, "मागचे पाटे बसले, दोन जादा पाटे टाकून घेऊ." बैठकीत सगळ्या जणी एकमेकींकडे बघतात आणि "गाडीतलं आपल्याला काय कळतंय" म्हणून खर्च मंजूर होतो. पण हप्ता आपण भरतो आणि गाडीत जाणारी माणसंही आपलीच असतात. म्हणून या वेळचा पाठ पाट्यांचा.

आधी काटा, मग पाटा

पाटे बदलायचे की नाही, हे ठरवण्याआधी आपण नेमकं किती वजन भरतो ते बघा. आरसी बुकात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट जास्तीत जास्त वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीची क्षमता. त्यात फक्त माल येत नाही, माणसंही येतात.

एक हिशोब करू. धरा, जास्तीत जास्त वजन ३,००० किलो आणि रिकामी गाडी १,७५० किलो. फरक १,२५० किलो. त्यातून ड्रायव्हर आणि दोन ताई मिळून १८० किलो वजा. नंतर बसवलेली लोखंडी जाळी ७० किलो वजा. उरले १,००० किलो. भरलेला क्रेट २५ किलोचा धरला तर झाले ४० क्रेट. आपण ६० भरत असू, तर दोष पाट्यांचा नाही, ५०० किलो जादा वजनाचा आहे.

एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. दोन्ही पावत्या फाइलला लावा.

पाटे काय करतात?

बोलेरो पिकअप असो की टाटा योद्धा, मागे पोलादी पाट्यांची जुडी असते. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याची टोकं चेसीला जोडलेली. खाली एकेक आखूड पाटा. मध्ये सेंटर बोल्ट, आणि यू बोल्टने ही जुडी एक्सलला आवळलेली. वजन पडलं की कमान सपाट होते, उतरलं की परत वर येते.

शेजारी शॉकअप असतो. तो वजन पेलत नाही. पाट्यांची उसळी आवरणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे "भारी शॉकअप टाका, गाडी बसणार नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पण गचका बसल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावत राहिली, तर मात्र शॉकअप तपासायला हवा.

पर्याय कोणते?

१. आहेत तेच पाटे दुरुस्त करणे. तुटलेला पाटा बदलणे, झिजलेले बुश नवे टाकणे. माल क्षमतेइतकाच भरत असाल तर बहुतेक वेळा एवढं पुरतं. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन मिळते, पण थकलेलं पोलाद परत बसतं. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मात्र कधीच नको. उष्णतेने पोलादाचं पाणी जातं आणि पाटा तिथेच पुन्हा तुटतो.

२. जुडीत जादा पाटा टाकणे. गाडी कमी बसते, पण रिकामी असतानाही कडकच राहते. परतीच्या वाटेवर मागची बाजू उडते, चाकाची पकड सुटते, ब्रेक मारला की गाडी घसरते. ओढ्यात, खड्ड्यात कडक पाटा चाकाला खाली जाऊ देत नाही. एक चाक अधांतरी राहून नुसतं फिरतं आणि गाडी अडकते. पिकलेल्या टोमॅटोला गचके बसतात ते वेगळेच. रोज दोन्ही बाजूंनी भरून जाणाऱ्या गाडीलाच हा पर्याय बरा.

३. हेल्पर पाटा. हा रिकाम्या गाडीत काम करत नाही, वजन पडून गाडी ठरावीक खाली आली की मगच टेकतो आणि भार घेतो. जाताना भरलेली, येताना रिकामी अशी आपली गाडी असेल, तर हा पर्याय जास्त सोयीचा. काही गाड्यांना तो कंपनीकडूनच असतो. आधी वाकून बघा.

४. हवेचे फुगे. एक्सल आणि चेसीच्या मध्ये बसतात, वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. चांगल्या रस्त्यावर आरामदायक. पण काटे, दगड, चिखल यांत फुटण्याची भीती, आणि एक फुटला की गाडी कलते. फार हवा भरली तर भार चेसीच्या एकाच जागी येतो आणि तिथे तडा जाऊ शकतो. आपल्या वाटांना हा पर्याय मला तरी पटत नाही.

माल कुठे ठेवता?

बैलगाडी उलाळ झाली की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पिकअपचंही तसंच. धरा, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३ मीटर आहे आणि १,००० किलो मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला. मग मागच्या चाकांवर १,१०० किलो पडतात आणि पुढची चाकं १०० किलोंनी हलकी होतात. घाटात स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. म्हणून जड माल खाली आणि केबिनच्या बाजूला. ही सुधारणा फुकट आहे.

पाटे वाढले म्हणून पासिंग वाढत नाही

ब्रेक, टायर, एक्सल, चेसी तेच राहतात. काही गाड्यांत एक्सलला जोडलेली एक दांडी मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे ठरवते. मागची बाजू उंच झाली की तिला गाडी रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाट्यांचं काम केलं की ही दांडी जुळवून घ्यायला सांगा.

कायद्यानेही सूट नाही. जादा भारासाठी २०,००० रुपये दंड, वर जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये, शिवाय माल उतरवायचा खर्च आपलाच. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरही मोटार वाहन कायद्यात बंधनं आहेत. म्हणून काही जादा बसवण्याआधी आरटीओत विचारा.

दर महिन्याची तपासणी

- गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंत टेपने मोजा. रिकामी आणि भरलेली, डावी आणि उजवी. आकडे वहीत लिहा.
- भरल्यावर एक्सल रबरी ठोकळ्याला टेकते का?
- पाट्यावर गंजाची बारीक आडवी रेघ म्हणजे तडा असू शकतो.
- यू बोल्ट ढिले नाहीत ना? नवे पाटे टाकल्यावर काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळायचेच.
- गाडी सरळ जाताना मागून तिरकी दिसते का? सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलेली असू शकते. अशी गाडी भरू नका.

पुढच्या बैठकीत

खर्च मंजूर करण्याआधी चार प्रश्न विचारा : काट्याची पावती कुठे आहे? नेमका कुठला पाटा तुटला, दाखवता का? गाडी परत येताना रिकामी असते की भरलेली? दोन मिस्त्रींचे दर आणले का? उत्तरं ठरावात लिहा आणि जुने पाटे गटाच्या ताब्यात घ्या, भंगारालाही भाव आहे.

आणि ६० क्रेट असतील तर दोन खेपा करा. डिझेल जादा जाईल, खरं आहे. पण घाटात ब्रेक लागला नाही, तर तो हिशोब कुठल्याच वहीत मावणार नाही.